ठिसूळ दांड्याची अळंबी

“एवढंच सांगा मॅडम, यात माणूस मारणारं काही आहे की नाही?”

डॉ. वैरागडे माझ्या मागे उभे राहून तिसऱ्यांदा तेच विचारत होते. मी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते. ग्रामीण रुग्णालयाची ती लॅब म्हणजे एक टेबल, एक बेसिन आणि मलेरियाच्या काचांचा एक ट्रे. ट्रेच्या शेजारी, अळंबीची भाजी खाऊन दाखल झालेल्या डोंगरवारांच्या घरातली लोखंडी कढई ठेवलेली होती. भांडी घासायच्या आधीच घरात ओकाऱ्या सुरू झाल्या, म्हणून ती तशीच राहिली होती आणि डॉक्टरांनी शहाणपणा करून ती मागवून घेतली होती. कढई जवळजवळ पुसून घेतल्यासारखी रिकामी होती. कडेला चिकटलेले सात-आठ तुकडे मी चिमट्याने खरवडून काढले होते, आणि एकेक करून काचेखाली घालत होते.

“दोन मिनिटं थांबा,” मी म्हणाले.

“दोन मिनिटं म्हणून अर्धा तास झाला.”

ऑगस्ट २०१० मधला तो सोमवार होता. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते, आणि गोंदियाच्या पूर्वेला, छत्तीसगडला लागून असलेल्या सालवनात माझा दुसरा पावसाळा चालू होता. विषय होता पीएच.डी.चा. सालाच्या मुळांशी संगत करून वाढणारी, पात्यांची, ठिसूळ अंगाची अळंबी. इतर अळंबीचा दांडा मोडला तर तो दोऱ्यासारखा उलगडत फाटतो. या कुळातल्या अळंबीचा दांडा मात्र खडूसारखा कट्कन तुटतो, कारण त्याच्या आत लांब तंतूंच्या जोडीला गोल गोल पेशींचे पुंजके असतात. मायक्रोस्कोपखाली ते भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दिसतात. एकदा पाहिले की विसरत नाहीत.

जुलैत मला मलेरिया झाला होता तेव्हा डॉ. शिशिर वैरागड्यांनीच मला बरं केलं होतं. तेव्हापासून त्यांना माहीत होतं, की बारा किलोमीटरवरच्या वनविश्रामगृहात अळंबीवर काम करणारी एक राहाटे मॅडम राहते. त्या सकाळी त्यांनी जीप पाठवून मला बोलावून घेतलं.

शेवटचा तुकडाही झाला. साबुदाणा. मी त्यावर आयोडीनचा थेंब सोडला. बीजाणू निळे-काळे झाले आणि त्यांच्यावरची काट्यांची जाळी स्पष्ट दिसली. मी उठले.

“सगळे तुकडे एकाच कुळातले आहेत. लाल टोपीची असावी, तिखट. नीट शिजली नाही तर ती ओकाऱ्या काढते. पण आपल्याकडे या कुळातलं खाऊन कोणी दगावल्याचं ऐकिवात नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग तसं लिहून द्या. मला तिघांना नागपूरला हलवायचं की नाही ते ठरवायचंय. दोनशे किलोमीटर आहे, आणि त्यांच्याकडे गाडी नाही.”

मी रुग्णालयाच्याच कागदावर लिहून दिलं. ‘घरातल्या सर्वांनी एकच भाजी खाल्ली असून तिचे सर्व तपासलेले तुकडे ठिसूळ अळंबीच्या कुळातले आहेत. जिवाला धोका नाही.’ खाली सही केली, तारीख घातली. माझ्या अभ्यासाचा कोणाला तरी उपयोग होण्याची ती आयुष्यातली पहिलीच वेळ होती. मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं.

मग मी वॉर्डात गेले. लिहून दिल्यावर गेले. आधी जायला हवं होतं.

तीन खाटांवर तिघं होते. सोविंदा डोंगरवार, साठीचे. त्यांची बायको मैनाबाई. आणि मुलगा हिवराज, पंचविशीतला. तिघांचे चेहरे उतरलेले होते, पण ओकाऱ्या पहाटेच थांबल्या होत्या आणि सोविंदा चहा मागत होते. खाटांच्या मध्ये हिवराजची बायको उभी होती, भूमेश्वरी. एकवीस-बावीस वर्षांची, अंगाने बारीक, हातात सासऱ्यांचा पाण्याचा गडू. रात्रभर तिनेच तिघांचं केलं होतं.

“काल किती वाजता जेवलात?” मी विचारलं.

“बाराक वाजले असतीन जी,” सोविंदा म्हणाले. “धानाचा रोवना सरला होता. इतवार होता. पोटभर खाल्ला. दोन-अडीचले सुरू झाला.”

“आणि तुम्ही सगळ्यांनी तीच भाजी खाल्ली?”

“होय जी,” हिवराज म्हणाला. “सगळ्यांनी.”

मी भूमेश्वरीकडे पाहिलं. तिने मान हलवली. मैनाबाई छताकडे बघत पडल्या होत्या.

“हिले काही नाई झाला,” सोविंदा म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण काहीतरी होतं. “तीच रांधली, तीच वाढली. आमी तिघंई आडवे, आन् हे उभी.”

भूमेश्वरीने गडू स्टुलावर ठेवला, पदर तोंडाला लावला आणि ती धावत बाहेर गेली. पडवीच्या टोकाला ती ओकत असल्याचा आवाज आम्हां सगळ्यांना आला.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. नर्सने मात्र मैनाबाईंकडे पाहिलं आणि हसून विचारलं, “लग्नाला किती वर्षं झाली?”

“दोन,” मैनाबाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर नर्ससारखं हसू नव्हतं. तेव्हा मला वाटलं, बाई कडक आहे.

लघवी तपासली. तसं काही नव्हतं. भूमेश्वरी पुन्हा दोनदा बाहेर जाऊन आली, तेव्हा डॉक्टरांनी तिला चौथी खाट दिली आणि सलाइन लावलं. विचारल्यावर कळलं, की पहाटेपासूनच पोटात मुरडा होता आणि ती गुपचूप मागे जाऊन येत होती.

“वेळ जुळत नाही,” मी पडवीत डॉक्टरांना म्हणाले. “यांना दोन तासांत झालं. हिला पंधरा तासांनी.”

“कढई एकच?”

“एकच.”

“तुकडे सगळे एकाच कुळातले?”

“हो.”

“मग?”

मी पुन्हा लॅबच्या दाराकडे पाहिलं.

“जागरण, भीती, आणि कालपासून पोटात काही नाही,” डॉक्टर म्हणाले. “एखाद्याची प्रकृती उशिरा बिघडते. बघू.”

ते चांगले डॉक्टर होते. पण त्यांनी माझ्या कागदावर भरवसा ठेवला होता, आणि मी कढईवर.

मंगळवारी दुपारपर्यंत चौघंही उठून बसले. भूमेश्वरीच्या ओकाऱ्या आणि जुलाब पूर्ण थांबले होते. तिने स्वतःच्याच हाताने केसांची वेणी घातली, सासऱ्यांचं धोतर घडी करून पिशवीत ठेवलं. डॉक्टरांनी सगळ्यांना घरी सोडलं.

त्या संध्याकाळी विश्रामगृहावर माझ्या पीएच.डी.च्या सरांचा नागपूरहून फोन आला. परदेशातल्या नव्या निबंधांनी ते वैतागले होते. आमच्या कुळाची जुनी मांडणी सोपी होती. मोडल्यावर ज्यातून दूध येतं ती एक प्रजाती, ज्यातून येत नाही ती दुसरी. दीडशे-दोनशे वर्षं सगळे तसंच लावत आले. आता डीएनए तपासून लोक म्हणत होते, की दूधवाल्या सगळ्या एका घरातल्या नाहीतच. त्यांचे निदान दोन भाग आहेत, आणि दूध न येणाऱ्यांतल्या काही त्यांच्याच जवळच्या आहेत.

“तुझं वर्गीकरणाचं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल,” सर म्हणाले.

“सगळं?”

“सगळं. आणि घाई करू नकोस. जे दिसतं त्यावर विसंबून राहायचं नाही म्हणतात आता. मग कशावर विसंबायचं, ते मला अजून कळलेलं नाही.”

मी फोन ठेवला आणि वह्या काढून बसले. पण लक्ष लागेना. पंधरा तास. ठिसूळ कुळातली कुठलीच अळंबी इतका वेळ घेत नाही. आणि मग मनात एक विचार आला, जो मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितला आहे. लाल अळंबीसोबत त्याच भाजीत त्याच कुळातली दुसरी एखादी जात मिसळलेली असली तर? उशिरा विष चढणारी, आजवर कोणी न नोंदवलेली? मला नवी जात दिसत होती, तिच्या नावापुढे माझं नाव दिसत होतं. बुधवारी सकाळी मी डोंगरवारांच्या गावाला निघाले, ती काळजीने नव्हे. नमुने गोळा करायला निघाले.

धाबेटोला म्हणजे वीस-बावीस घरं. हिवराज सायकलवरून खत आणायला गेला होता, सोविंदा धानाच्या बांधीवर होते. मैनाबाई ओसरीत सुपाने तांदूळ पाखडत होत्या. भूमेश्वरी अंगण सारवत होती. मला पाहून ती उठली, पण एका हाताने खांब धरून.

“बरं आहे?” मी विचारलं.

“बरी आहो जी.”

“मला ती जागा दाखवशील? भाजी कुठून आणली होती ती?”

तिने सासूकडे पाहिलं. मैनाबाईंचं सूप क्षणभर थांबलं. “जाय,” त्या म्हणाल्या. “पन लवकर ये.”

बांधाबांधाने अर्धा कोस गेलं की सालाचं रान लागतं. भूमेश्वरी पुढे, मी मागे. वाटेत ती दोनदा बसली. मी म्हटलं, थकवा असेल. रानात शिरल्यावर ती जरा खुलली. पालापाचोळा पायाने अलगद बाजूला सारून तिने मला लाल टोप्या दाखवल्या, मग फिक्या पिवळ्या, मग एक पांढरी दुधाळ, जिच्या पात्यांवर नखाने चरा ओढताच थेंब उभे राहिले.

“हे कसं ओळखतेस?” मी विचारलं.

तिने एक दांडा उचलला आणि माझ्या कानाजवळ नेऊन मोडला. कट्.

“खडूवानी तुटते ना, ते आपली. माही माय शिकवली. जे तुटत नाई, सुतावानी निंगते, ते ठेवून द्याची.”

चार वर्षं मी जे पुस्तकांतून आणि काचेखाली शिकले होते, ते तिला आईने एका वाक्यात शिकवलं होतं. मी खूश होऊन पिशव्या भरत होते, चिठ्ठ्या लिहीत होते. एकेक अळंबी मोडून बघत होते. सगळ्या कट्कन तुटत होत्या. सगळ्या ओळखीच्या होत्या. नवं काही नव्हतं. माझा गोंधळ आणखीच वाढला.

“भूमेश्वरी, तू इतवारी किती भाजी खाल्लीस? जास्त की थोडी?”

“सगळ्यांवानी.”

“सगळ्यांबरोबर जेवायला बसलीस?”

ती परत फिरली. मीही तो प्रश्न तिथेच सोडला; सहज विचारला होता, सहज सोडला.

येताना ती वेगळ्या वाटेने निघाली, आणि तिने ते मुद्दाम केलं हे माझ्या उशिरा लक्षात आलं. आम्ही मघाशी गेलो ती वाट एका कळकाच्या बेटावरून जात होती; तेव्हा मी तिच्या पाठीकडे बघत चालले होते. आता भूमेश्वरी त्या बेटाला वळसा घालत होती. मला मात्र लांबूनच बेटाच्या बुडाशी काहीतरी पांढरं दिसलं.

“थांब गं. ते काय?”

“काही नाई जी. चला.”

मी बेटाकडे गेले. चार पांढऱ्या छत्र्या होत्या, दुधात धुतल्यासारख्या, दांड्याला पातळ झालर. मी गुडघ्यांवर बसून एकीच्या बुडाशी चाकू घातला आणि माती उकरून ती अख्खी वर काढली. बुडाशी पातळ पांढरी वाटी होती, अंड्याचं फुटलेलं टरफल असावं तशी. मी दांडा मोडला. तो तुटला नाही. वाकला आणि सुतासारखा उभा फाटला.

हे आमच्या कुळातलं नव्हतं. हे अमानिटाचं कुळ होतं, आणि त्यातल्या या पांढऱ्या मंडळींना कोण ओळखत नाही? विष बारा-पंधरा तासांनी चढतं. ओकाऱ्या, जुलाब. मग एक दिवस माणूस एकदम बरा वाटतो. आणि तो बरा वाटत असताना आत यकृत जळत असतं.

छत्र्यांच्या शेजारी जमिनीत तीन खळगे होते. कोणीतरी दांडे वरच्या वर तोडून नेले होते. वाट्या मातीतच राहिल्या होत्या.

मी मागे वळून पाहिलं. भूमेश्वरी बेटापासून दहा पावलांवर उभी होती, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

“या कोणी तोडल्या?”

ती वाटेकडे बघायला लागली.

“भूमेश्वरी. तू खाल्ल्यास?”

“कोनाले सांगू नका जी,” ती म्हणाली.

मी तिला हाताला धरून एका दगडावर बसवलं.

“काय झालं इतवारी? सगळं सांग.”

“काय झाला? काही नाई. भाजी लगित गोड झाली होती, खूपच. मामाजी दोनदा घेतले, हे बी दोनदा घेतले. आत्या कढईतच भात कालवून जेवल्या. माह्यापुरती राहिली नाई. रोजचाच आहे ते, काही नवा नाई.” मामाजी म्हणजे सासरे आणि आत्या म्हणजे सासू, एवढं मला कळत होतं.

“मग?”

“मंग मी बैलाले चारा कापाले इकडे आली. ह्या दिसल्या. पांढऱ्याशुभ्र. वाटला, एवढ्या चांगल्या आहेत तर धोका नसन. मोडून पाहाची आठवन बी नाई झाली. भूक लागली होती.” ती थांबली. “चुलीत इंगळ होता. मीठ लावून भाजली आन् भातासंगं खाल्ली.”

“किती?”

“तीन.”

“दवाखान्यात मी विचारलं तेव्हा का नाही बोललीस?”

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी फार बाळबोध काहीतरी विचारलंय. “सगळ्यांपुढं? मामाजी दुखन्यात पडलेले, आन् मी सांगू का मले भाजी उरली नाई म्हनून?”

मी तिचं तोंड उजेडाकडे वळवलं आणि बोटाने डोळ्याची खालची पापणी ओढली. रानातल्या हिरव्या सावलीत जे दिसलं नव्हतं, ते आता उघड्यावर दिसलं. डोळ्याचा पांढरा भाग पिवळट झाला होता.

घरी येईपर्यंत मी तिला कशी चालवत आणली, आठवत नाही. ओसरीत सोविंदा येऊन बसले होते, हिवराजही आला होता.

“हिला आत्ताच्या आत्ता नागपूरला न्यायचंय,” मी म्हणाले.

“काहून?” सोविंदांनी विचारलं. “आमी तिघंई बरे आहोत. डाक्टर सोडले ना. तुमीच लिहून देल्या म्हनते, धोका नाई म्हनून.”

“मी चुकले होते.”

“पन एकच भाजी खाल्ली सगळ्यांनी. हिलेच काहून?”

मी भूमेश्वरीकडे पाहिलं. ती मला डोळ्यांनी विनवत होती. सांगितलं तर तिचा विश्वास मोडत होता; नाही सांगितलं तर हे लोक तिला हलवू देणार नव्हते.

तेवढ्यात मैनाबाईंनी सूप खाली ठेवलं. त्या आत गेल्या आणि भूमेश्वरीच्या दोन लुगड्यांचं गाठोडं बांधून बाहेर आल्या.

“चाल रे हिवराज,” त्या म्हणाल्या. “हे बाई सांगत आहे तर चाल.”

“पन माय, काहून—”

“चाल म्हनते ना.”

त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला त्यांचा आधार वाटला, आणि इतकी घाई होती की आश्चर्य वाटायला सवडच मिळाली नाही.

डॉ. वैरागड्यांनी रुग्णवाहिका मिळवली. मी सगळं सांगितलं, ते त्यांनी उभ्यानेच ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुमचा तो कागद फायलीला लागलाय. दुसरा लिहून द्या.” मी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिला. यावेळी ‘घरातल्या सर्वांनी’ हे शब्द लिहिताना हात अडला. मी तिचं एकटीचं नाव लिहिलं.

नागपूरला पोहोचायला पाच तास लागले. तोपर्यंत ती गुंगीत गेली होती. मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने फॉर्म पुढे ओढला आणि हिवराजला विचारलं, “काय खाल्लं होतं?”

“अळंबीची भाजी जी. सगळ्यांनी एकच खाल्ली.”

“नाही,” मी म्हणाले.

हिवराजने माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून ती पांढरी अळंबी काढली, वाटीसकट टेबलावर ठेवली आणि सांगितलं. भाजी संपली होती. तिने या भाजून खाल्ल्या. तीन. इतवारी दुपारी.

डॉक्टर लिहीत राहिला. हिवराज त्या अळंबीकडे बघत राहिला.

“मी विचारलो होतो तिले,” तो म्हणाला. कोणाला उद्देशून, ते कळलं नाही. “जेवून बाजेवर पडलो होतो तवा विचारलो, जेवली का म्हनून. ते हो म्हनली.” थोड्या वेळाने तो पुन्हा म्हणाला, “रोजच विचारतो जी मी. रोजच हो म्हनते.”

पुढचे दिवस मी नागपूरलाच होते. चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. पाचव्या दिवशी तिला माणसं ओळखू येईनात. सहाव्या दिवशी तिने हिवराजला आपला भाऊ समजून माहेरच्या गाईचं विचारलं. तो ‘बरी आहे’ म्हणाला. आठव्या दिवशी रक्ताचे आकडे पहिल्यांदा खाली आले.

त्या दिवशी दुपारी मी आणि मैनाबाई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो होतो. हिवराज औषधं आणायला गेला होता.

“पोरगी वाचन का जी?” त्यांनी विचारलं.

“वाचेल असं म्हणतात.”

त्या बराच वेळ हातातला रुमाल घडी करत आणि उलगडत बसल्या. मग म्हणाल्या, “मले वास आला होता.”

“कसला?”

“भाजल्याचा. इतवारी. मी आंगनात बसली होती, पोटात कळ यायच्या आंधी. चुलीतून वास आला. मी समजली, हे काहीतरी भाजून खाऊन राहिली.”

मी त्यांच्याकडे वळले. “मग दवाखान्यात बोलला का नाहीत? मी सगळ्यांना विचारत होते.”

“काय बोलू? ते काय भाजली म्हनून सांगतली असती, तं काहून भाजली ते बी निंगाला असता. कढई कोन पुसून खाल्ली? मीच खाल्ली.”

त्यांनी रुमालाची घडी घातली.

“माही सासू होती तवा मी बी तसाच करो,” त्या म्हणाल्या. “कधी कांदा भाजो, कधी खेकडा भेटला तं खेकडा. सासूले वास ये. ते बी काही बोले नाई. मी म्हनली, आपन बी बोलू नये. खाऊ द्यावा.” रुमालाची घडी पुन्हा उलगडली. “मले वाटला, मी तिच्यावर उपकारच करून राहिली.”

मला रागवायचं होतं. आठ दिवस मी मनात कोणावर तरी रागवायला माणूस शोधत होते. पण माझ्या सहीचा कागद रुग्णालयाच्या फायलीत होता, आणि ही बाई मला विचारत होती, “एवढे वर्स मी खाल्ली, मले काहून काही नाई झाला जी?”

भूमेश्वरी एकोणिसाव्या दिवशी घरी गेली. माझा प्रबंध पुढे दोन वर्षांनी पूर्ण झाला. वर्गीकरणाचं प्रकरण मी तीनदा लिहिलं, आणि ते आजही मला पुरतं पटलेलं नाही. पण ते असो.

ती निघाली त्या सकाळी हिवराज बाहेर रिक्षा ठरवत होता, मैनाबाई नळावर गडू विसळत होत्या. भूमेश्वरी खाटेच्या कडेला बसली होती. गालफडं बसली होती, हात काड्यांसारखे झाले होते, डोळे मात्र पांढरे स्वच्छ होते. मी तिच्याजवळ बसले. मला तिची माफी मागायची होती आणि कुठून सुरुवात करावी ते समजत नव्हतं.

“त्या दिवशी मी तुला एकटीला विचारायला हवं होतं,” मी म्हणाले.

तिने मान हलवली, जाऊ द्या अशी. मग नळाकडे एकदा पाहून घेतलं, माझ्याकडे सरकली आणि आवाज अगदी बारीक करून म्हणाली,

“एक सांगू का मॅडम? कोनाले सांगू नका. लगित गोड लागली होती ते. गरम गरम. कोनी हाक मारली नाई, काही नाई. बसून खाल्ली.”

आणि एकोणीस दिवसांत पहिल्यांदाच ती हसली.